साखरेच्या फोटोत न दिसलेलं

तापीकाठच्या प्रकाशा गावचे नवल पाटील वायरमन म्हणून चौतीस वर्षं खांबांवर चढले. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी नाशिकला त्यांची प्रोस्टेटच्या कॅन्सरची गाठ काढली. मुळासकट निघाली, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन वर्षं या कॅन्सरची चाहूल देणारा रक्तातला पीएसए शून्याच्या आसपास राहिला, आणि मग दर तपासणीला थोडा थोडा चढू लागला. कुठेतरी काही उरलं होतं. कुठे, ते कळेना. सोनोग्राफी झाली, हाडांचा स्कॅन झाला, सगळे रिपोर्ट स्वच्छ.

मग पेट स्कॅन सांगितला, तो सुरतेला. मुलगी चेतना रजा काढून सोबत आली. सकाळी एसटीनं नंदुरबार, तिथून रेल्वे. उपाशीपोटी सुई टोचली आणि एका खोलीत तासभर हलू नका, बोलू नका, असं बजावून एकटं बसवलं. टोचलेलं औषध साखरेसारखं असतं, कॅन्सरच्या पेशी ते हावऱ्यासारखं खातात आणि फोटोत उजळतात, असं चेतनानं त्यांना वाचून दाखवलं होतं. फोटोत काहीच उजळलं नाही. घरी पेढे वाटायचं चाललं होतं, नवलरावांनीच नको म्हटलं. महिन्याभरानं पीएसए आणखी चढला.

आता दुसऱ्या औषधाचा स्कॅन करायचा ठरला. तारखेला दोघं सुरतेला पोचली, तर ते औषध आलंच नव्हतं. ते बनल्यापासून काही तासच टिकतं, म्हणे, आणि त्या दिवशी ते आणणारी गाडी चुकली. परतीच्या गाडीत नवलराव खिडकीला डोकं टेकून बसले. व्यारा गेलं, नवापूर गेलं. चेतना पुढची तारीख विचारत होती, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आते पुरे. सापडनं तरी भोगणारा मीच शे, नही सापडनं तरी मीच."

घरी त्यांनी आठ दिवस तो विषयच काढू दिला नाही. त्यातच चेतनाला दिवस गेल्याचं कळलं. टोचलेल्या औषधातून किरण निघतात म्हणून स्कॅनच्या दिवशी गरोदर बाईनं त्यांच्या जवळ बसायचं नाही, त्यामुळे तिचं येणं शक्यच नव्हतं. बरं झालं, आता प्रश्नच मिटला, असं नवलरावांना वाटलं. पण भिकुबाईंनी, त्यांच्या बायकोनं, न विचारता दोन धोतरं आणि दशम्या पिशवीत भरल्या. त्या याआधी सुरतेला कधी गेल्या नव्हत्या. नवलरावांच्यात भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून ते गेले.

या वेळी औषध आलं. संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना पडद्यावर दाखवलं. ओटीपोटात, उजव्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढा ठिपका. डॉक्टर जळगावकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी समजावलं की प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा साखर फारशी खातच नाही, म्हणून पहिल्या फोटोत तो लपला. हे औषध त्याच्या पेशींवरच्या खुणेला जाऊन चिकटतं.

भिकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पयला फोटो कसाले काढा?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे तेच औषध येत होतं, काकू. तुम्हाला दुसरीकडे पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं."

नवलरावांना राग यायला हवा होता. आला नाही. सापडलं, एवढ्यानंच त्यांचे खांदे सैल झाले आणि त्या खुर्चीतच झोपावंसं वाटलं.

पुढचे सहा आठवडे उपचारासाठी दोघं सुरतेत एका धर्मशाळेत राहिली. रोज दहा मिनिटांच्या किरणांसाठी दोन तासांची रांग. नवलरावांचं जेवण कमी झालं, पाय जड झाले. भिकुबाईंनी शेजारच्या खोलीतल्या बायकांकडून गुजराती शिकून घेतली आणि भाजीवाल्याशी त्याच भाषेत घासाघीस करू लागल्या.

तीन महिन्यांनी पीएसए पुष्कळ उतरला. पूर्ण गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दर तीन महिन्यांनी रक्त तपासत राहू, म्हणाले. नवलरावांनी मान डोलावली. प्रकाशाला आल्यावर त्यांनी भिकुबाईंना सांगून ठेवलं की पुढची तारीख आदल्या दिवशीच सांगायची, त्याआधी नाही. हल्ली ते दुपारी जेवून ओसरीवर आडवे होतात, आणि चार वाजेपर्यंत त्यांना कुणी उठवत नाही.