कडकरावांनी धुतलेला तंबू

चौकातल्या लाँड्रीवाल्यांना सगळे कडकराव म्हणत. माणूस स्वभावाने लोण्यासारखा मऊ, कडक होती ती त्यांची इस्त्री. पायपुसणं हाती लागलं तरी घडी जुळवल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवाल!"

एवढा टापटिपीचा माणूस, पण एक गोष्ट कायम राहून गेली. लेक लहान असताना दर सुट्टीत पाठीला दप्तर अडकवून काउंटरपाशी उभी राहायची. "बाबा, जंगलात कधी जायचं?"

"पुढच्या वर्षी."

"नक्की?"

"अगदी नक्की!"

सुट्टी आली की हॉटेलांच्या चादरींचे ढीग यायचे. मग कसलं जंगल नि कसलं काय! पोरीने विचारणं कधी सोडलं, ते त्यांना कळलंही नाही.

आता ती पोर चाळिशीला टेकलेली, दुसऱ्या शहरात राहणारी, एका मुलीची आई. यंदा तिचा फोन आला. "आम्ही दोघी त्या आडबाजूच्या राष्ट्रीय उद्यानात चाललोय, तंबू ठोकून राहायला. येताय? आता नाही म्हणालात तर परत नाही हो विचारणार." ती हसत म्हणाली खरी, पण कडकरावांना पाठीवरचं ते दप्तर आठवलं. बायकोने तर त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "जा तुम्ही. दुकान मी बघते. इतकी वर्षं काय एकटेच बघत होतात?"

लेक निघायच्या आदल्या दिवशी सामान घेऊन आली आणि मुलीला घेऊन बाजारात गेली. तंबूला कुबट वास मारत होता. कडकरावांना राहवतंय होय! लेकीची वस्तू, तीही अशी मळकी? त्यांनी तो कडकडीत पाण्यात, चांगल्यातल्या साबणाने धुतला, वर फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवली आणि घडी घालून पिशवीत सरकवला. सूचनांची पट्टी पार पुसट झालेली. गिऱ्हाइकाला "पट्टी वाचत जा" म्हणून बजावणाऱ्या माणसाने लेकीला एका शब्दाने विचारलं नाही. कौतुक करून घ्यायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळभर चढण होती. गुडघे बोंबलत होते, पण नात पुढून हाका मारत होती आणि ओढा ओलांडताना लेकीने हात धरला होता. इतकं सुख त्यांना कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं. माळावर तंबू उभा राहिला तर नात खिदळली, "आजोबा, तंबूला पँटसारखी घडी!"

दुपारी आभाळ भरून आलं. तिघं आत शिरली. थोड्याच वेळात नात म्हणाली, "आई, आत पण पाऊस आहे."

लेकीने कापड चाचपलं, हुंगलं. "बाबा, तंबू धुतलात?"

"धुतला."

"गरम पाण्याने? इस्त्रीसुद्धा?"

"हलकी," कडकराव पुटपुटले.

"अहो, पाणी अडवणारा लेपच उडाला सगळा!"

अंथरुणं भिजली. मुक्काम करणं शक्यच नव्हतं. नातीने कडकरावांच्या पिशवीतून त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढली, भोकं पाडून डोक्यातून घातली आणि तिघं उतरू लागली. नात हसत होती, लेक भराभर पुढे चालत होती. आयुष्यात एकदा निघालो आणि तेही धुऊन टाकलं, असं कडकरावांना होत होतं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "परत... जमेल का गं?"

"बघू पुढच्या वर्षी," लेक म्हणाली.

त्या शब्दांची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? पुढची वाट त्यांनी खाली मान घालून कापली.

दुकानाशी पोचल्यावर लेकीने तंबू काउंटरवर ठेवला. "हा तुमच्याकडेच असू दे. लेप लावून घ्या. पुढच्या सुट्टीत न्यायला येते."

"नक्की?" त्यांच्या तोंडून निसटलं.

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग लहानपणी रेलायची तशी काउंटरवर रेलून म्हणाली, "पावती फाडा की, बाबा."

त्यांनी फाडली. तारखेच्या जागी 'पुढची सुट्टी' लिहिलं.

मागच्या फळीवर कोणी न नेलेले कपडे वर्षानुवर्षं पडून असतात. कडकरावांनी तंबू तिथे नाही टाकला, समोरच्या खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको तो उतरवायला गेली, तसे ते इस्त्री टाकून धावले.

"हात लावू नकोस! गिऱ्हाईक न्यायला येणार आहे."