मैत्रीभोवतीच्या उशा

“म्याडम, पोट्टी बसनं विसरली.”

आबाजींनी हे दारातूनच सांगितलं. त्यांच्या कडेवर नात, मागे सून प्रज्ञा, तिच्या हातात जाडजूड फाइल. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. अमरावतीत एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात अठरा वर्षं काम करते. उशिरा बसणारी, उशिरा चालणारी मुलं माझ्याकडे रोजच येतात. पण शिकलेलं विसरलेलं मूल आलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. आलेली गोष्ट जाणं. त्यामागे आजार असू शकतो, फिट्स असू शकतात. अशा वेळी आधी व्यायाम नाही, आधी डॉक्टर.

ही नात, मैत्री, दहा महिन्यांची होती. पण ती दोन महिने आधी जन्मली होती. अशा बाळाच्या वयातून तेवढे महिने वजा करायचे असतात. त्याला करेक्टेड एज म्हणतात. म्हणजे आमच्या लेखी ती आठ महिन्यांची. जन्मल्यावर महिनाभर ती काचेच्या पेटीत होती. आबाजी रोज नांदगाव पेठहून यायचे, काचेबाहेरून तिला पाहायचे आणि परत जायचे. ती पहिल्यांदा बिनआधाराची बसली तेव्हा त्यांनी आमच्या अख्ख्या वेटिंग रूमला संत्री वाटली होती.

“नेमकं काय होतं?” मी विचारलं.

“अर्धा अर्धा तास बसून खेळे,” आबाजी म्हणाले. “आता बसवली का पुढं झोक टाकते, पडते अन् रडते. झोप नाही, धड दूध पेत नाही. दिवसभर नुसती किरकिर.”

सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, तिला नीट तपासलं. डोळे, कान, हातापायांची ताकद, डोक्याचा घेर. फिट्सबद्दल खोदून खोदून विचारलं.

“मला काही सापडत नाही,” ते मला म्हणाले. “नजर चांगली आहे, बडबड चालू आहे. दोन आठवडे तू बघ.”

“आणि फरक नाही पडला तर?”

“तर पुढच्या तपासण्या. वाट बघत बसायचं नाही.”

मी कामाला लागले, आणि चुकले. तीन सेशन मी तिला बसायलाच शिकवत राहिले. ती पाठ ताठ करायची, माझ्या हातातून निसटायची आणि आईकडे हात पसरून रडायची. तिसऱ्या दिवशी तर मला नुसतं पाहूनच तिचा ओठ बाहेर आला.

त्या दिवशी प्रज्ञाही रडली. ती गावाजवळच्याच कापड कारखान्यात तयार कापड तपासायचं काम करते. दोन महिन्यांपूर्वी कामावर परत गेली होती. नवरा सेमाडोहला जंगल खात्यात, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळे दिवसभर मैत्री आबाजींकडे.

“माझ्यानंच झालं म्याडम,” ती म्हणाली. “मी कामावर गेली अन् लेकरू मागं पडलं. सोमवारी राजीनामा देऊन टाकीन.”

“सोमवारच्या आधी शनिवार येतो,” मी म्हटलं. “शनिवारी मी घरी येते. तोवर काही लिहू नकोस.”

शनिवारी त्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिल्याच मिनिटात सगळं समोर दिसलं. खाली नव्या, चकचकीत टाइल्स. कोपऱ्यात दिवाण. दिवाणावर चारी बाजूंनी उशा, लोड, गुंडाळलेली गोधडी. मधोमध मैत्री, पायात लोकरीचे मोजे.

“हे काय?”

“पडन ना ती,” आबाजी म्हणाले. “म्हून बंदोबस्त केला.”

“हिला खाली कधी सोडता?”

“खाली?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला विहिरीत सोडायला सांगत होते. “खाली काहून सोडू? महिनाभर काचेत होती ती पोट्टी.”

मी पाच मिनिटं काही न करता नुसती बघत बसले. हे मी दवाखान्यात करायला हवं होतं. मैत्री बसली होती, अगदी व्यवस्थित. मग तिने समोरच्या चमच्याकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे टेकवले, ढुंगण उचललं आणि उशीत तोंडावर आपटली. रडली. आबाजींनी उचलून परत बसवलं. तिने परत तेच केलं.

ती बसायला विसरली नव्हती. तिचं बसून झालं होतं. तिला आता निघायचं होतं.

बाळाचा मेंदू नव्या कामाला लागतो तेव्हा जुनी घडी थोडे दिवस विस्कटते. झोप मोडते, भूक कमी होते, आई जास्त लागते. ते मागे जाणं नसतं. हे मी कितीतरी आयांना समजावलं होतं. मैत्रीच्या बाबतीत मात्र मलाच ते तीन सेशन सुचलं नाही.

मऊ गादीवर हातापायांना रेटा मिळत नाही. मी उशा काढल्या. टाइल्सवर सतरंजी टाकली. मोजे काढले. मैत्रीला खाली ठेवलं. ती पुढे झुकली आणि पोटावर पसरली. रडणं सुरू. आबाजी ताडकन उठले.

“थांबा,” मी म्हटलं.

“रडून राहिली ना ती!”

“ती चिडली आहे. तिला लागलेलं नाही. तुमचा खांद्यावरचा दुपट्टा द्या.”

दुपट्ट्याची घडी मी तिच्या पोटाखालून घातली आणि दोन्ही टोकं आबाजींच्या हातात दिली. “उचलायचं नाही. पोट जमिनीला टेकू नये एवढंच धरायचं.”

आबाजींनी एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलं होतं. त्याच हातांनी त्यांनी दुपट्टा घट्ट धरला. मैत्री हातांवर आणि गुडघ्यांवर आली. रडणं थांबलं. ती पुढे-मागे, पुढे-मागे झुलायला लागली.

“इंजिन चालू हाय,” आबाजी पुटपुटले. “गियर पडून नाही राहिला.”

“पडेल. रोज चार-पाच वेळा हे करा. ती कंटाळली की थांबा. आणि एक, समोर चमचा ठेवा, हाती देऊ नका.”

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “म्हणजे मी कामावर गेली म्हून नाही?”

“नाही. तू घरी असतीस तर आणखी दोन उशा लागल्या असत्या.”

ती हसली. डोळे मात्र भरलेलेच होते.

अकराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. कारखान्याची जेवणाची सुट्टी, मागे बायकांचा गलका. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

“म्याडम, मामाजीनं व्हिडिओ पाठवला. मैत्री रांगून राहिली. पण मागं मागं चालली! हे बरोबर हाय का?”

“अगदी बरोबर. हातात ताकद आधी येते, म्हणून बरीच बाळं आधी मागे जातात.”

“आमी साऱ्याजनी चार वेळा पायला,” ती म्हणाली. राजीनाम्याचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

पुढच्या आठवड्यात मैत्री सरळ निघाली. झोप परत आली, दूधही. सरांनी तपासून फाइलवर सही केली. आबाजी मात्र वैतागलेले होते. “एका जागी म्हून थांबत नाही. माझी चप्पल चाखून आली सकाळी.”

दवाखान्याच्या तपासणी फॉर्ममध्ये मी त्यानंतर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: बाळ दिवसभर कशावर असतं? बाकीची चार पानं मी त्या उत्तरानंतर वाचते.