त्राटिकेचं सोंग

यादवचा मला राग येतो. पण माणूस इतका गोड आहे की तो राग टिकत नाही, ही माझी खरी अडचण. सातपूरच्या एका कारखान्यात तो लेथ मशीन चालवतो. गाव हरसूलपलीकडच्या डोंगरात. आम्ही दोघंही पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष. माझ्या इंदिरानगरच्या घरी हे माहीत आहे, त्याच्या गावात नाही. मी एका संस्थेतर्फे आमच्यासारख्यांना रक्ततपासणीला घेऊन जातो, म्हणजे अर्धं आयुष्य लोकांच्या मागे लागण्यात घालवतो.

त्याच्या गावात उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे लावून रोज रात्री सोंगं नाचतात आणि एकेक सोंग एकेका घराकडे असतं. यादवच्या घराकडे त्राटिका राक्षसीण. बाप वारला तेव्हा यादव कामासाठी शहरात आलेला होता. बापामागून ते सोंग त्याच्याकडे आलं आणि घरातला शब्द चुलत्यांचा, देवरामकाकांचा. एरवी ‘बाप्यासारखं चाल’ म्हणून टोकणारं गाव त्या रात्री त्याला लुगड्यात नाचताना पाहून शिट्ट्या मारायचं.

"वर्षातून एवढ्या एका रात्री मला कुणी नावं ठेवत नाही," असं म्हणून तो हसायचा. मला नाही हसू यायचं.

बाकीच्या वर्षासाठी त्याने नशेची पावडर शोधली. मोबाइलवर ओळख झालेल्या कुणाच्या तरी फ्लॅटवर सुट्टीच्या दिवशी जमायचं आणि एमडी ओढायची. मी किती डोकं फोडलं! ती घेतल्यावर शुद्ध राहत नाही, कुणाबरोबर आहोत, कसे आहोत, याचं भान राहत नाही, सगळं सांगून झालं. तो शांतपणे म्हणायचा, "हर्षल, ती घेतली की लाजच वाटत नाही रे."

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारनंतर सोमवारी सकाळी तो कारखान्यासमोरच्या टपरीवर भेटला. चेहरा पार उतरलेला.

"कोण कोण होतं ते आठवत नाही," तो म्हणाला. "कंडोम वापरला का, तेही नाही आठवत."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जाऊ. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर एचआयव्ही टळू शकतो. जितकं लवकर तितकं बरं."

"आज माझी त्राटिका आहे. दुपारी मुखवट्याची पूजा, ती मलाच करायची असते. आत्ता निघालो तरच पोचेन."

"खड्ड्यात गेली त्राटिका. दुसरा कुणी नाचेल."

"आमच्या घराचं सोंग आहे, दुसरा कसा नाचेल? आणि ते ठरल्या रात्रीच निघतं. नाही गेलो तर देवरामकाका विचारणार, का नाही आलास? दवाखान्यात होतो म्हणालो तर विचारणार, कशासाठी? मग काय सांगू?" त्याने गाडीला किक मारली. "उद्या येतो. उद्या नक्की जाऊ."

मी तोंडाला येईल ते बोललो, माझी शपथ घातली. तो गेला.

गावात फोनला रेंज नाही. तो नाचला, आणि मग देवरामकाकांनी त्याला सोडलंच नाही. आलाच आहेस तर बोहाडा संपेपर्यंत राहा, म्हणाले. निघायचं म्हटलं तरी कारण सांगणं आलंच. यादव परत आला तो शुक्रवारी. त्या गोळ्यांची वेळ निघून गेली होती. काही आठवड्यांनी तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला.

आता तो रोज गोळी घेतो, तब्येत ठणठणीत आहे. पावडर सुटावी म्हणून समुपदेशकाकडे जातो. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. गावाला मात्र फिरकला नाही. गेल्या वर्षी त्राटिका निघालीच नाही.

यंदा मीच त्याला गावी घेऊन गेलो. ओटीवर त्याची आई, तानुबाई, नागलीचं पीठ चाळत होती. यादव तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग पावडरचं, फ्लॅटचं काही न सांगता एवढंच बोलला.

"आये, मला रक्ताचा आजार हाय. तवा लगीच दवाखान्यात गेलो आसतो तं कदाचित टळला आसता. पण त्याच राती आपलं सोंग व्हतं."

तानुबाईच्या हातातली चाळण थांबली.

"मंग मला निरोप धाडायचा नाय का? सोंग पुढच्या रातीला काढलं आसतं. तुझ्या बापाला ताप भरला त्या साली पुढं ढकललंच व्हतं की. तुझा काकाच गेला व्हता पंचांकडं."

"काकानं इचारलं आसतं, का म्हनून."

"कोन इचारतं? बरं वाटत नाय म्हनलं, झालं." तिने चाळण बाजूला ठेवली. "मी तरी इचारलं आसतं का रं पोरा?"

यादव तिच्याजवळ खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या गोळीची वेळ झाली होती, पण ते बोलून दाखवायचं मला धाडस होईना. तानुबाईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, त्याच्या पाठीवरून फिरवले आणि विचारलं, "गोळ्या कवा घेतोस? जेवनाच्या आधी का मागून?"