गोड आवाजाची बेल

अरेरा कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या काकांशी माझं बोलणं नेहमी फाटकावरच व्हायचं आणि तेही घराच्या कामांबद्दल. भिंतीची ओल कोणी थांबवली, सुतार कोण बरा, असलं. त्यांच्या लेखी प्रत्येक कारीगर 'एकदम बढिया'. मी सुचवलेल्या प्लंबरने त्यांचा नळ आणखी गळका केला, तरी दोष त्यांनी नळालाच दिला. अशा माणसाचा रागही धड येत नाही.

काकूंना काही आठवेनासं झालं, तेव्हा चटकन सापडावं म्हणून काकांनी माझ्या सांगण्यावरून बाथरूमचं दार पिवळं रंगवलं. रंग बढियाच आला. काकूंना दार मात्र सापडेना.

परवा म्हणाले, "तुमच्या बेलचा आवाज गोड आहे हो. कुठून घेतली?"

मी दुकान सांगितलं. दोघांच्या घरात नवी बेल कशाला, हे विचारलं नाही.

काल संध्याकाळी ते भाजी घेऊन आले. हातात किल्ली असूनही स्वतःच्याच दाराची बेल वाजवून थांबले. मला फाटकाशी पाहून हळूच म्हणाले, "चाबीनं आत गेलो की घाबरते. चोर चोर म्हणून चिल्लावते. पाहुणा आला म्हटलं की ठीक असते."

काकूंनी दार उघडलं, पदर सारखा केला. काकांनी चपला बाहेर काढल्या, वळून मला म्हणाले, "बेल एकदम बढिया निघाली," आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले.

"बसा ना," काकू म्हणाल्या, "हे येतीलच इतक्यात."