रेसच्या इंजिनाचे पार्ट विकायला काढले तेव्हा

गॅरेजवाल्याकडे किस्से जळक्या ऑइलसारखे साचतात. लोक ऐकून खो खो हसतात, मला मात्र सांगतानाही डोकं तापतं!

माझं गॅरेज जुन्या जालन्यात. मी रेस खेळायचो तेव्हाचे इंजिनाचे जादा पार्ट पेटीत पडून होते. दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, अपघातात उजवा पाय गेला. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस घरात बसून कुढायला लागला. त्याला हातानं चालवता येईल अशी गाडी करून द्यायची, म्हणून पार्ट विकायला काढले.

*

पहिला फोन वाटूरहून. "टर्बो ट्रॅक्टरला बसंल का?"

"नाही हो, रेसच्या गाडीचा आहे."

"मंग आमचं बी जल्दीचंच काम हाय, पेरणी आलीय!"

मी फोन कापला.

*

एकानं दोन तास पिस्टन उलटेपालटे करून पाहिले. तीन चहा प्यायला. मग म्हणतो, "भंगार काय किलो चालू हाय सध्या?"

बाहेर काढलं त्याला! जाता जाता म्हणाला, "चहा मात्र चांगला व्हता."

*

खंडेनवमीला संभाजीनगरहून टर्बोचं खरं गिऱ्हाईक आलं, रोख घेऊन. पण नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सकाळीच टर्बो पाटावर मांडून झेंडू वाहिलेला.

"पूजेचं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं न्हाई."

"नाना, दादाच्या गाडीसाठीच विकून राह्यलो ना!"

"म्हणून तर पूजा केली!"

गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. बापावर ओरडता येत नाही, म्हणून मी पान्हा भिंतीवर फेकला.

*

हसनाबादच्या मावसभावानं मदत म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'दादाची गाडी विकणे आहे.' एका काकांनी थेट दादालाच फोन लावला, "इतकी परिस्थिती आली का रे?"

दादा त्या दिवशी जेवला नाही. मावसभावाला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

*

बाकीचे पार्ट कसेबसे खपले. शेवटी उरला कॅमशाफ्ट, इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, सगळ्यात महाग. हातानं दाबायच्या ब्रेकचं सगळं सामान त्यातूनच यायचं होतं. रेसच्या कॅमचे उंचवटे साध्या कॅमपेक्षा मुद्दाम उंच ठेवलेले असतात. त्यानंच इंजिन पळतं आणि किंमत येते तीही त्याचीच. पुण्याचं गिऱ्हाईक पक्कं झालं. ते यायच्या आदल्या दिवशी मी कॅम लेथवाल्या अण्णांकडे दिला. "दादाच्या गाडीसाठी विकायचाय, नुसता गंज काढून ठेवा," म्हणालो.

सकाळी अण्णांनी फडकं उघडलं. कॅम आरशासारखा चकाकत होता. मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"अण्णा, उंचवटे कुठं गेले?"

"साध्या कॅमसंग लावून पाह्यलं, तर सगळेच जादा वर आल्ते! कुण्या अडाण्यानं बनवला काय माहीत. दिवसभर बसून एकेक बराबर केला."

मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी माझा हात घट्ट धरला.

"न्हाई न्हाई, पैशाचं नाव बिलकुल काढू नको. दादाच्या गाडीचं काम हाय!"