फुकटच्या मिक्सरची काढलेली ओळ

आज माझाच मला संताप आलाय, म्हणून लगेच लिहितेय.

एका कंपनीनं मला फुकट मिक्सर पाठवला, बदल्यात मी त्यावर ब्लॉग लिहायचा. मिरची बारीक करताना मोटर तापून जळका वास आला. तसं लिहिलं, तर कंपनीची बाई म्हणाली, "ताई, तेवढी ओळ काढा ना." फुकट घेतलेलं! भिडेखातर काढली.

आज शेजारच्या काकू आल्या. माझं वाचून त्यांनी तोच मिक्सर घेतलेला. यंदा वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, गिरणीतल्या डंकावर कुटायला न नेता घरीच केली आणि मिक्सर जळाला.

"तुला म्हाईत न्हवतं व्हय गं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुलाबी फसवलं की मेल्यांनी!"

माझ्या वतीनं काकू कंपनीला शिव्या देत बसल्या.

ती ओळ आत्ता परत घातलीय. पण काकूंना दिलेलं 'नाही' कसं परत घेऊ?