मूळचे कार्ब्युरेटर

दादाने गाडीचे मूळचे दोन कार्ब्युरेटर काढून जीपचा एकच बसवला, तेव्हा मी त्याला अंगणात उभं राहून नाही नाही ते बोललो. गाडी म्हणजे जुनी, लाल, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्‌स कार. दोडामार्गहून गोव्यातल्या वर्कशॉपला रोज ये-जा करताना एका बंगल्यामागे काजूखाली पडलेली त्याला दिसली आणि त्याने ती घरी आणली. इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारा हा जीपचा कार्ब्युरेटर जुळावा म्हणून मधला पाइप त्याने स्वतः कापून, वेल्डिंग करून बनवला. मी कणकवलीला कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे मूळ वस्तूचा मला भारी पुळका.

"टेम्पो केलंस गाडयेचो," मी ओरडलो.

"चलता तर बरी," दादा म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

त्यानंतर दर रविवारी मी घरी आलो की त्या पाइपवरून आमचं जुंपायचं. आळशी म्हटलं, अडाणी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, सुटली की आवरत नाही.

गेल्या वर्षी दादा गेला. परवा वहिनी म्हणाली, पणजीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, ह्यांची फार हौस होती, तुम्ही न्या. अर्जात एक अट होती: कार्ब्युरेटर, पाइप, सगळं मूळचं हवं. खोटं कशाला बोलू, मला आतून बरंच वाटलं. दादाने जुने भाग तेल लावून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. गाडी आणि डबा घेऊन मी दोडामार्गातल्याच मेस्त्रीकडे गेलो. तो दादाचा शाळेपासूनचा दोस्त.

डबा उघडून त्याने एक कार्ब्युरेटर हातात घेतला. "बसवतंय. पण ह्योच पाइप रवलो तर काय बिघाडला?"

"मूळचा ता मूळचा," मी म्हटलं.

त्याने दादाचा पाइप काढून बाकावर ठेवला आणि जुने दोन्ही कार्ब्युरेटर चढवले. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. ते कानाने जुळवायचं असतं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या; दोन्हीकडून सारखीच बारीक सुरसुर आली की झालं. मेस्त्रीने नळी माझ्या हातात दिली. मला पहिल्याच फटक्यात फरक कळला.

"इतक्या सोप्या काम दादाक जमूक नाय?" मी हसून म्हटलं.

मेस्त्रीने इंजिन बंद केलं. "जमतला कसा? तेका आयकाक खंय येय होता? वर्कशॉपातल्या मशिनींनी कान खाल्ल्यानी. बारीक आवाज पयलो गेलो. अख्खो पावसाळो तो हयसर नळी लावन बसलो. शेवटी एकच बसवल्यान. तुका सांगू नको म्हणान बजावल्यान माका."

मी बाकावर पाइपशेजारी बसलो. वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवलं. कुठे खडबड म्हणून नव्हती. पाइप बसवल्यापासून मी त्याला एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

इस्पितळातली शेवटची संध्याकाळ आठवली. खोलीत दुसरे पेशंट होते, म्हणून मी त्याच्या उशाशी वाकून हळूच म्हटलं होतं, दादा, माजा चुकला. तो खिडकीकडे बघत राहिला. मला वाटलं, राग गेला नाही. मनातून मीही थोडा रुसलोच, आणि बाहेर येऊन चहा प्यालो. पुन्हा बोलायची वेळ आलीच नाही.

"काढ ते," मी मेस्त्रीला सांगितलं. "दादाचोच बसव."

गाडी घेऊन घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात होती.

"झाला काम?"

"पाइप दादाचोच ठेवलंय. प्रदर्शनाक नाय जावचा."

"म्हणजे त्येंच्या कानाचा तुमका कळला."

"माका सांगूक व्हया होता गो, वहिनी. मी इतक्या बोललंय तेका."

"मी सांगतंय म्हटलंय, तर नको म्हणाले," वहिनी म्हणाली. "बाकी सगळे बोलतत ता अर्धा कळना नाय. धाकलो भांडूक लागलो काय मातर सगळा आयकाक येता, म्हणायचे. रविवारची वाट बघायचे ते."